फर्मानातून आलेल्या सुधारणा

१९३८ सालच्या मध्यावर कुवेत शहरातल्या सुमारे दीडशे मातब्बर घराण्यांच्या प्रमुखांनी मतदान करून चौदा जणांची मजलिस निवडली. शेखांची गादी कायम राहील, पण जमाखर्च, न्याय आणि शहराचा कारभार या मजलिशीच्या सल्ल्याने चालेल, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी दुबईच्या व्यापाऱ्यांनी आपल्या शेखाकडून अशीच मजलिस मिळवली. बहारीनमध्ये हीच मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांना पकडून इंग्रजांनी मुंबईला धाडले. आणि २४ ऑक्टोबर १९३८ रोजी हैदराबाद शहरात गोविंदराव नानल, जनार्दनराव देसाई, रावी नारायण रेड्डी, रामकिशन धूत आणि श्रीनिवासराव बोरीकर या पाच जणांनी बंदी असलेल्या स्टेट काँग्रेसच्या नावाने सत्याग्रह करून अटक करवून घेतली. त्यांची मागणीही गादी उलथण्याची नव्हती. आसफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, एवढेच त्यांनी मागितले होते. डिसेंबरात कुवेतच्या शेखांनी मजलिस बरखास्त केली आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला हैदराबादचा सत्याग्रह स्थगित झाला. दुबईची मजलिस पुढच्या मार्चपर्यंत टिकली.

या मंडळींचा एकमेकांशी काही संबंध असल्याचे दिसत नाही. प्रश्न मात्र सगळ्यांपुढे एकच होता. इंग्रजांच्या संरक्षणाखाली सुरक्षित बसलेला, तिजोरी स्वतःच्या हातात ठेवणारा राजा आपणहून किती सत्ता सोडतो, आणि सोडतो तेव्हा ती खरोखर सुटते का? अरबस्तानातल्या छोट्या राजवटींबद्दल बोलताना हा प्रश्न आजही निघतो. मराठी वाचकाला त्याचे उत्तर शोधायला आखातात जावे लागत नाही. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत अशाच एका राजवटीत होता.

इथे परभणी म्हणजे तेव्हाचा जिल्हा. आजचा हिंगोली जिल्हा त्यातून १९९९ साली वेगळा झाला आणि परतूर तालुका १९८१ साली नव्या जालना जिल्ह्यात गेला. त्याआधी परतूर, वसमत, कळमनुरी, हिंगोली हे सगळे परभणीचेच. निजामाच्या मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांपैकी हा एक. उत्तरेला वऱ्हाडची सीमा, म्हणजे इंग्रजी कारभाराची हद्द. सेलू, मानवत, परभणी या कापसाच्या पेठा, पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन, हिंगोलीला जुनी छावणी. अरबस्तानाशी या भागाचे नातेही कल्पनेतले नाही. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेले अरब जमादार आणि शिपाई पिढ्यानपिढ्या होते. मराठवाड्यातली चाऊस घराणी त्यांचीच. याच फौजेतला एक जमादार, उमर बिन अवध अल-कुऐती, हैदराबादेत कमावलेल्या पैशावर आणि वजनावर आपल्या मायदेशात सत्ता उभी करू शकला. मुकल्लाची ती सल्तनत १९६७ पर्यंत टिकली. एका छोट्या अरब राजवटीच्या पायात हैदराबादचा, आणि म्हणून काही अंशी इथल्या रयतेच्या शेतसाऱ्याचाही पैसा आहे.

हैदराबाद मात्र छोटे नव्हते. ८२ हजार चौरस मैलांहून अधिक क्षेत्र, १९४१ साली एक कोटी साठ लाखांवर वस्ती, स्वतःचा हाली सिक्का, स्वतःचे टपाल, स्वतःची रेल्वे, सीमेवर करोडगिरीचे नाके. पण कारभाराचा गाभा एखाद्या शेखाच्या दिवाणखान्यासारखाच. मुलखाचा मोठा हिस्सा जहागिरींत वाटलेला, शिवाय सर्फ-ए-खास नावाची खुद्द निजामाची खासगी जमीन, तिचे उत्पन्न थेट त्याच्या खजिन्यात. उरलेल्या दिवाणी मुलखात अव्वल तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर, त्याच्याखाली तहसीलदार, पोलिसांत अमीन आणि गावात पाटील-कुलकर्णी. बहुसंख्य रयत तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी, तर कचेरी, न्यायालय आणि उच्च शिक्षण उर्दूत. आपल्यावर चाललेल्या खटल्याचा कागद आपल्याला वाचता येऊ नये, ही अवस्था परभणीच्या शेतकऱ्याने कित्येक पिढ्या सोसली.

सुधारणा झाल्या नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या सालारजंगाने एकोणिसाव्या शतकात जिल्हाबंदी करून महसूल ताळ्यावर आणला. सहाव्या निजामाने १८९३ साली कानूनचा-ए-मुबारक काढून मंत्र्यांचे मंडळ आणि कायदे करणाऱ्या कौन्सिलची व्यवस्था लावली. सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खान यांनी, १९१९ साली सर अली इमाम यांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारी मंडळ नेमले. १९२१ मध्ये न्यायखाते महसूलखात्यापासून वेगळे केले, आणि ब्रिटिश हिंदुस्थानालाही तोवर हे जमलेले नव्हते. परभणीला १९१८ साली शेतीचे प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले. पुढे जिथे कृषी विद्यापीठ उभे राहिले, त्या कामाची मुळे तिथे आहेत. हे सगळे खरे आणि उपयोगाचे होते. पण यातल्या एकाही सुधारणेने रयतेला कोणाला विचारण्याचा हक्क दिला नाही. कारभार सुधारला, जबाबदारी मात्र वरच्याच दिशेने राहिली. अव्वल तालुकदार सुभेदाराला जबाबदार, मंत्री सदर-ए-आझमला, म्हणजे पंतप्रधानाला, आणि सदर-ए-आझम निजामाला. कायदे कौन्सिलात बाहेरचे म्हणून बसत ते जहागीरदार आणि वकील यांच्यातले मोजके लोक.

राजवट सुधारते आहे का, हे पाहताना मी विधिमंडळाच्या जागा शेवटी मोजतो. आधी तीन गोष्टी पाहतो. माणसांना विचारल्याशिवाय एकत्र जमता येते का, करांच्या पैशाचा हिशेब मागता येतो का, आणि पोलीस कोणाला उत्तर देतात. हैदराबादेत पहिल्याच कसोटीला उत्तर नकारार्थी होते. गश्ती निशान ५३ या परिपत्रकाने कोणत्याही जाहीर सभेला आधी परवानगी लागे. परवानगी मागताना सभेत काय बोलणार तेही सांगावे लागे आणि ती मिळेपर्यंत अनेकदा सभेचे कारणच उरत नसे. खासगी शाळांवर असेच निर्बंध, आखाड्यांवर तसेच. म्हणून हैदराबाद संस्थानच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरल्या. १९२३ साली काकीनाडा, १९२६ साली मुंबई, १९२८ साली पुणे, १९३१ साली अकोला. आपल्याच घराबद्दल बोलायला माणसांना सीमा ओलांडून शेजारच्या गावी जावे लागावे, यातच त्या राज्याची सगळी राज्यघटना आली. अकोला तर परभणीच्या उत्तर सीमेपासून फार दूर नाही.

म्हणूनच परतूरला महत्त्व आहे. तेलुगू मुलखात आंध्र परिषद १९३० पासून कामाला लागली होती. मराठी मुलखात महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परभणी जिल्ह्यातल्या परतूरला भरले, अध्यक्ष गोविंदराव नानल. तिथली भाषा जपून वापरलेली होती. शिक्षण, मराठीची स्थिती, समाजसुधारणा, शेतकऱ्यांची गाऱ्हाणी. पण पाच जिल्ह्यांतली मराठी माणसे सीमेच्या आत, उघडपणे, एका मांडवात बसली होती. पुढच्या वर्षी लातूरला दुसरे अधिवेशन झाले आणि स्वामी रामानंद तीर्थ अग्रभागी आले. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म सिंदगीचा, १९३२ साली संन्यास घेतलेले, अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतले शिक्षक. परभणीत मुकुंदराव पेडगावकरांसारखे वकील या कामात होते. वकील आणि शिक्षक हेच दोन वर्ग या चळवळीचा कणा होते आणि त्याला कारण आहे. संस्थानात उर्दूतला कायदा वाचता येणारी आणि नोकरीसाठी निजामावर अवलंबून नसलेली माणसे या दोनच धंद्यांत सापडत. वर्तमानपत्र काढायचे तर तेही बाहेरून. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ मध्ये पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले. संस्थानात त्यावर बंदी आली की ते नवे नाव घेऊन पुन्हा येई. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव.

या हालचालींना दरबाराचे उत्तर म्हणजे सप्टेंबर १९३७ मध्ये नेमलेली दिवाण बहादूर अरवमुदु अय्यंगार यांची सुधारणा समिती. सदर-ए-आझम तेव्हा सर अकबर हैदरी, गोलमेज परिषदेत संस्थानाची बाजू मांडलेले कसलेले प्रशासक. समितीने १९३८ च्या ऑगस्टात अहवाल दिला आणि १९३९ च्या जुलैत योजना जाहीर झाली. ८५ जणांचे विधिमंडळ, त्यात निवडून येणारे ४२. उरलेले सगळे नेमलेले, म्हणजे निवडून आलेले सगळे एका बाजूला गेले तरी बहुमत होऊ नये असे हे गणित. हे निवडून येणारेही गावांच्या किंवा तालुक्यांच्या मतदारसंघांतून नव्हते, तर धंद्यांच्या. जहागीरदारांचा गट, पट्टेदारांचा गट, कुळांचा, वकिलांचा, डॉक्टरांचा, व्यापाऱ्यांचा, पदवीधरांचा. जिंतूर तालुक्याचा एक प्रतिनिधी, अशी कल्पनाच त्यात नव्हती. शिवाय निवडून येणाऱ्या जागा हिंदू आणि मुसलमान यांच्यात समसमान वाटलेल्या, आणि संस्थानात मुसलमान सुमारे १३ टक्के. निजामाचे घराणे, सर्फ-ए-खास, फौज आणि इंग्रज सरकारशी असलेले संबंध हे विषय चर्चेबाहेर ठेवले. अंदाजपत्रकावर बोलता येईल, पण सभागृहाच्या मताने मंत्रिमंडळ पडणार नाही.

या योजनेचे समर्थन आजही काही जण करतात. धंद्यांनुसार प्रतिनिधित्व दिले तर जातधर्माचे राजकारण मागे पडते, मतदारसंघ संयुक्त होते, आणि १९३९ च्या मानाने हे पुढचे पाऊल होते, असा त्यांचा मुद्दा. संयुक्त मतदारसंघांची गोष्ट खरी आहे आणि तिचे श्रेय समितीला द्यायलाच हवे. पण बाकीचे समर्थन मला पटत नाही. बहुसंख्य लोक शेतीवर जगतात अशा प्रदेशात शेतकऱ्यांना अनेक गटांपैकी एक गट ठरवले, की आकड्यांचे सगळे वजन संपते. आणि समसमान वाटणीने गरीब मुसलमान विणकराला किंवा शिपायाला काय मिळाले? सत्ता ज्या अमीर-उमरावांकडे होती तिथेच ती राहिली, फक्त आता सगळ्या मुसलमानांच्या नावावर. पुढची दहा वर्षे त्या नावाची किंमत सामान्य मुसलमानांनी मोजली.

बहारीनचा आराखडा याच्याशेजारी ठेवून पाहावा. १९७१ साली देश स्वतंत्र झाला, १९७३ साली राज्यघटना आणि निवडलेली सभा आली, आणि सुरक्षा कायद्याला सभेने विरोध करताच १९७५ मध्ये अमिरांनी ती बरखास्त केली. २००१ साली नव्या अमिरांनी राष्ट्रीय सनद लोकांपुढे ठेवली आणि ९८ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडली. लोकांना वाटले, आता निवडून आलेल्या सभेच्या हाती कायदा येणार. पुढच्याच वर्षी राजाने एकट्याने काढलेल्या घटनेत ४० निवडलेले आणि त्यांच्या तोडीस तोड ४० नेमलेले अशी दोन सभागृहे आली. राजघराणे सुन्नी, प्रजेत शिया जास्त, आणि मतदारसंघ लहानमोठे आखलेले. नाव संसदेचे ठेवायचे आणि हातचा एक कायम आपल्याकडे ठेवायचा, हे अय्यंगार समितीच्या ८५ पैकी ४२ इतकेच सरळ गणित आहे.

कुवेतची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आणि म्हणून जास्त शिकवणारी आहे. १९३८ च्या त्या चौदा जणांच्या मजलिशीचे अध्यक्ष होते राजघराण्यातलेच अब्दुल्ला अल-सालिम. बारा वर्षांनी तेच अमीर झाले आणि १९६२ ची राज्यघटना त्यांच्या कारकिर्दीत आली. पन्नास निवडलेल्या सदस्यांची ती सभा मंत्र्यांना खरोखर प्रश्न विचारी आणि खरोखर अडचणीत आणी. म्हणूनच ती १९७६ मध्ये आणि १९८६ मध्ये निलंबित झाली, आणि मे २०२४ मध्ये अमिरांनी ती बरखास्त करून घटनेतली काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित केली. जी सभा राजाला कधीच त्रास देत नाही, तिच्यावर बंदीची वेळ येत नाही. कुवेतच्या सभेला वारंवार टाळे लागले, यावरून तिच्यात जीव होता एवढे कळते. टाळे लावण्याचा अधिकार मात्र शेवटपर्यंत दुसऱ्याच्याच हातात राहिला.

१९३८ कडे परत यायला हवे, कारण तडजोडीची वाट खुली असलेले ते शेवटचे वर्ष होते. फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने संस्थानी प्रजेला सांगितले की लढा तुमचा तुम्ही लढा. सप्टेंबरात स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. दरबाराचा आक्षेप ‘काँग्रेस’ या नावावरही होता, पण पुढे नाव बदलण्याची तयारी दाखवूनही परवानगी मिळाली नाही. ऑक्टोबरात सत्याग्रह. नोव्हेंबरात औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि ती मुले शिकायला नागपूरला गेली. मराठवाड्याच्या एका पिढीचे नेतृत्व त्या हकालपट्टीत घडले. आर्य समाज आणि हिंदू महासभेचे सत्याग्रह शेजारी चालू असल्याने स्टेट काँग्रेसचा राजकीय लढा धार्मिक ठरेल, या काळजीने गांधीजींनी तो थांबवायला सांगितला. माझ्या मते ती काळजी रास्त होती. पण स्टेट काँग्रेस मागे हटली ते मैदान कट्टर आवाजांना मिळाले आणि दोन्ही बाजूंनी ते मोठे होत गेले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला कन्नडजवळच्या मकरणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी भरवलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. संस्थानातल्या दलितांना राज्याच्या सुधारणांत आणि राज्याविरुद्धच्या चळवळीत, दोन्हीकडे आपली जागा मागावी लागत होती. स्वातंत्र्यलढ्याच्या मराठवाड्यातल्या इतिहासात ही परिषद अजूनही पुरेशा ठळकपणे येत नाही, याची खंत वाटते.

राजाने ठरवले तर काय होऊ शकते, याचे उदाहरणही मराठी मुलखातच, त्याच हिवाळ्यात घडले. सातारा भागातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता लोकांकडे सोपवणारी घटना जाहीर केली. मुलगा अप्पा पंत आणि मॉरिस फ्रिडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने तिची जुळणी केली होती आणि तिचा पाया खेड्यातली निवडलेली पंचायत हा होता. ७२ गावांचे राज्य, हैदराबादच्या मानाने अगदीच चिमुकले. लहान होते म्हणून जमले, असे कोणी म्हणेल. पण बहारीनही लहानच आहे.

हैदराबादेत १९३९ ची योजना महायुद्धाच्या कारणाने बासनात गेली. ती बाहेर आली १९४६ साली, थोडी वाढवून, १३२ सदस्यांची, पण समसमान वाटणी आणि धंद्यांचे गट तसेच ठेवून. तोवर लेव्हीच्या, म्हणजे सक्तीने वसूल होणाऱ्या, धान्याने गावे पिळून निघाली होती, तेलंगणात शेतकरी हत्यार घेऊन उठले होते आणि दिल्लीत स्वातंत्र्याची तारीख जवळ येत होती. १९४६ च्या जुलैत स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली, पण तिने या निवडणुकांवर बहिष्कार घातला. १९३८ साली ज्या मागणीसाठी माणसे तुरुंगात गेली, तिच्या निम्म्याहून कमी देणारी योजना आठ वर्षांनी आली. जून १९४७ मध्ये मुशीराबादच्या अधिवेशनात स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याचीच मागणी केली. आसफजाही छत्राखालची जबाबदार राज्यपद्धती आता कोणालाच पुरेशी वाटत नव्हती. ही वाट रयतेने सोडली की दरबाराने तिच्यावरून चालूच दिले नाही? माझ्यापुढे याचे उत्तर स्पष्ट आहे. नऊ वर्षे मागणी गादीच्या मर्यादेत होती आणि नऊ वर्षे तिला तुरुंग मिळाला.

पुढचे सव्वा वर्ष परभणी जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आयुष्यभर राहिले. नोव्हेंबर १९४७ चा भारताशी झालेला जैसे थे करार, मीर लायक अली यांचे मंत्रिमंडळ आणि लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकार या सशस्त्र स्वयंसेवक दलाची मोकाट सत्ता. गावे लुटली गेली आणि घरेदारे सोडून लोक वऱ्हाडात उमरखेड, वाशीमच्या बाजूला गेले. सीमेवर छावण्या उभ्या राहिल्या आणि तिथून सशस्त्र लढा झाला. वसमत तालुक्यातल्या वापटी गावच्या बहिर्जी शिंदे यांनी त्यात प्राण दिला. हैदराबाद शहरात ‘इमरोज’ दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. लोकशाहीसाठी मेलेल्यांच्या आपल्या यादीत हे नाव परभणीच्या हुतात्म्यांच्या शेजारीच हवे.

निजामाची सत्ता संपवणारी भारतीय फौजेची १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यानंतर काय झाले हे कमी बोलले जाते. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून सरकारला अहवाल दिला, आणि कारवाईच्या काळात व नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या २७ ते ४० हजार असावी असा अंदाज केला. त्यात बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून समितीने नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचा हा सूड, दोन्ही लिहिल्याशिवाय मुक्तिसंग्रामाचा इतिहास पुरा होत नाही. सुधारणा वेळेवर झाल्या असत्या तर यातले किती टळले असते, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण अल्पसंख्य समाजाला राज्याची ढाल बनवणारी राजवट कोसळली, तेव्हा मार त्या समाजातल्या सर्वांत दुबळ्यांना बसला. निजाम स्वतः राजप्रमुख झाले.

या राजवटीकडे पाहण्याच्या दृष्टीही एकसारख्या नाहीत. मीर लायक अली यांना हैदराबाद ही बाहेरून लादलेली शोकांतिका वाटली. निजामाच्या नोकरीत राहिलेले सेतुमाधवराव पगडी कारभाराच्या आतले बारकावे जाणत आणि गुणदोष दोन्ही सांगत. अनंत भालेराव यांनी लढणाऱ्यांच्या बाजूने इतिहास लिहिला. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर या प्रश्नाकडे धर्माच्या चष्म्यातून न पाहता राज्याच्या स्वरूपाकडे बोट दाखवत. मला कुरुंदकरांची दिशा सर्वांत जवळची वाटते. निजाम मुसलमान होता की नव्हता, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कोणालाही उत्तर देण्यास बांधील नव्हता, हा मुख्य प्रश्न आहे.

आखाती राजवटी टिकल्या आणि हैदराबाद पडले, याची दोन कारणे उघड आहेत. कुवेत आणि बहारीनच्या राज्यकर्त्यांना तेलाचा पैसा मिळाला. प्रजेकडून कर घ्यायची गरज उरली नाही, उलट तिला पगार, घरे आणि दवाखाने देता आले. निजाम जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाई, पण त्याचे राज्य शेतसारा, अबकारी आणि करोडगिरीवर चाले, म्हणजे मानवतच्या कापूसवाल्याच्या आणि गंगाखेडच्या कुळाच्या पैशावर. ज्याच्याकडून घ्यायचे त्याला विचारायचे नाही, हे फार दिवस निभत नाही. दुसरे कारण शेजार. बहारीनमध्ये २०११ साली मोती चौकात लोक जमले, तेव्हा मार्चमध्ये सौदी अरबस्तानची फौज पुलावरून आली ती राजाच्या मदतीला. परभणीच्या सीमेपलीकडे ज्या देशाचे लोक होते, तो प्रौढ मताधिकाराची घटना लिहीत बसला होता.

ती घटना २६ जानेवारी १९५० पासून इथेही लागू झाली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कुळकायदा आला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांसाठी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एक मत मिळाले, पट्टेदाराला एक आणि सालगड्यालाही एक. परभणीने लोकसभेवर कोणाला पाठवले? सत्ताधारी काँग्रेसला नव्हे, तर शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारे यांना. चार वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यात सभेला परवानगी लागत होती, त्याने पहिल्याच संधीत मुक्तिलढ्याच्या मुख्य पक्षाला नाकारले. मराठवाड्याच्या लोकशाहीतला हा मला सर्वांत अभिमानाचा निकाल वाटतो. आणि त्या मतदानात परभणीच्या बायका होत्या, हे विसरू नये. कुवेतच्या बायकांना मत मिळाले २००५ साली.

पण विचारण्याचा हक्क मिळाला म्हणून उत्तर मिळतेच असे नाही, हेही याच जिल्ह्याने पाहिले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९७४ मध्ये विकासाच्या मागणीसाठी रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांवर वसमतला गोळीबार झाला आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या, निजामाशी लढलेल्या माणसांना आपल्याच सरकारविरुद्ध उभे राहावे लागले. दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला, १९९४ साली घटनेच्या ३७१(२) कलमाखाली मराठवाडा वैधानिक विकास मंडळ आले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या उद्रेकात पोलिसांनी केलेल्या धरपकडीतला एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलीस कोणाला उत्तर देतात, ही तिसरी कसोटी त्या दिवशी पुन्हा जिवंत झाली.

आणि दुसरी कसोटी, पैशाची. घटनेची २४३ई आणि २४३यू ही कलमे सांगतात की पंचायत आणि नगरपालिकांची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे. परभणीची जिल्हा परिषद आणि महापालिका या दोन्हींची मुदत २०२२ साली संपली. आरक्षणाच्या वादात निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि दोन्हीकडे प्रशासक बसले. त्या सगळ्या काळात जिंतूरच्या रस्त्याचा, पालमच्या शाळेचा आणि परभणीच्या पाण्याचा पैसा मतदारांनी न निवडलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने खर्च झाला. अंदाजपत्रक प्रशासकानेच मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले.